आधी एक पावसाळा थांबा

जुन्या गोव्यात बॉम जीझस बासिलिकेच्या बाहेरच्या भिंतीला हात टेकला की बोटांना तांबडी पूड लागते. लावू नये हे कळत असूनही जुलैतल्या एका सकाळी मी हात लावला. पावसाची मोठी सर नुकतीच ओसरली होती. चिऱ्यांच्या बारीक भोकांतून पाणी निथळत होतं, खालच्या थरांवर शेवाळ धरलं होतं आणि सांध्यांजवळचा दगड ओल्या भाकरीसारखा भुसभुशीत झाला होता. शेजारी एक आजोबा नातवाला मराठीत सांगत होते, "बघ, चारशे वर्षांपूर्वी हे असंच बांधलंय. नुसता दगड."

असंच बांधलेलं नाही. 1594 मध्ये काम सुरू होऊन 1605 मध्ये पूर्ण झालेल्या या चर्चच्या बाहेरच्या भिंती साडेतीनशे वर्षं चुन्याच्या गिलाव्याखाली होत्या. रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल आजही पांढरंशुभ्र उभं आहे, त्यावरून कल्पना येते. ज्यांचे अवशेष या चर्चमध्ये आहेत त्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या मृत्यूला 1952 मध्ये 400 वर्षं होणार होती. त्या सुमारास बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाने हा गिलावा उतरवला. दगड उघडा पडला की इमारत अधिक प्राचीन दिसते, ही त्यामागची नजर. पोर्तुगालमध्येही तेव्हा जुन्या वास्तूंवरचे नंतरचे थर खरवडून त्यांना 'मूळ' रूप देण्याची रीत होती.

हा तांबडा दगड म्हणजे जांभा, आणि जांभा सच्छिद्र असतो. कोकणात चिऱ्याची उघडी घरं दिसतात हे खरं, पण तिथे चिरा पारखून घेतलेला असतो आणि भिंतीपुढे पडवीचं छप्पर उतरलेलं असतं. वर गिलावा होणारच आहे म्हणून बांधलेल्या उंच भिंतीची गोष्ट वेगळी. तिच्यावर वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि असे सत्तरहून अधिक पावसाळे तिने उघड्या अंगाने झेलले आहेत. गिलावा परत करावा, अशी मागणी चर्चमधूनच झाली आहे. दुसऱ्या बाजूला अनेकांना तो तांबडा रंग आता बासिलिकेची ओळख वाटतो. लग्नाच्या फोटोंत, शाळेच्या सहलींत, पोस्टकार्डांवर त्यांनी ती तांबडीच पाहिली आहे. मला त्यांचं प्रेम समजतं, पण माझं मत गिलाव्याच्या बाजूने आहे. चुन्याचा गिलावा, आधी एखाद्या आडबाजूच्या भिंतीवर करून, दोनतीन पावसाळे निरखून, मग पुढे. आपली आठवण तांबडी आहे म्हणून पाऊस काही भिंतीला सोडणार नाही.

सुरुवात इथून केली त्याला कारण आहे. बासिलिकेचा गिलावा कुणा अडाण्याने काढलेला नव्हता. काढणारा आपल्या कामातला जाणता माणूस होता, त्याच्यामागे सरकार होतं, हेतू चांगला होता. वारशाचं जतन म्हटलं की आपल्याला भिंतीवर नावं कोरणारे पर्यटक आठवतात, मूर्तिचोर आठवतात. त्यांचा बंदोबस्त कायदा आणि पहारेकरी करतील. मायेने, श्रद्धेने, निधी मंजूर करून केलेल्या कामाने जे नुकसान होतं, ते अडवायला मात्र एकच माणूस लागतो. तो म्हणजे संवर्धनतज्ज्ञ. त्याचं पहिलं काम हात आवरणं. आणि आपल्याकडे नेमका हा अधिकार त्याला नाही. त्याला बोलावणं जातं तेव्हा काय करायचं हे ठरून गेलेलं असतं, कधी कोनशिलाही बसलेली असते. त्याने यावं, मसाला सांगावा, सही करावी, एवढीच अपेक्षा असते.

तज्ज्ञ चुकत नाहीत असं मला म्हणायचं नाही. अजिंठ्याला जाऊन तसं म्हणताच येणार नाही. 1819 मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली, आणि पुढच्या शंभर वर्षांत चित्रांनी बरंच सोसलं. वटवाघळं, धूर, नावं खरडणारे लोक होतेच. शिवाय नक्कल उतरवताना रेषा उजळ दिसावी म्हणून चित्रांवर वॉर्निश फासणारे कलावंतही होते. निजाम सरकारला याची काळजी वाटली. त्यांनी 1920 ते 1922 या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. त्या काळी याहून चांगली माणसं मिळणं कठीण होतं. सुटत चाललेला गिलावा त्यांनी भिंतीला पुन्हा बसवला, कडा बांधून घेतल्या. त्यांनी हे केलं नसतं तर आज पाहतो त्यातला काही भाग खाली पडून गेला असता. त्याच हातांनी त्यांनी उडू पाहणारा रंग धरून ठेवायला लाखेचा लेप दिला. सुतार पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये विरघळवतात तीच लाख.

लाख काळाबरोबर पिवळी पडते, तपकिरी होते. धूळ आणि धूर तिच्यात रुतून बसतात. अजिंठ्याची चित्रं अशी मातकट, सोनेरी-तपकिरीच असतात, असा समज कित्येक पिढ्यांचा झाला, त्याला हा लेपही कारण आहे. अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द या निळ्या दगडाचा रंग त्याच्याखाली झाकला गेला. ताजी लाख स्पिरिटने निघते. जुनी लाख आवळत जाते, कठीण होते आणि सहज सुटत नाही. ओढून काढायला गेलं तर खालचा रंग तिच्याबरोबर येतो. पाणीही वापरता येत नाही, कारण चित्राखाली चिखलाचा गिलावा आहे. त्यात भाताचा तूस आहे, वनस्पतींचे तंतू आहेत. जुन्या पुस्तकांना लागते ती कसर इथे भिंतीलाही लागते. म्हणून पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ पुढे वर्षानुवर्षं काडीला कापूस गुंडाळून, बोटभर जागा घेऊन, एकेक थर मऊ करत बसले. एका पिढीच्या ब्रशाचे फटकारे दुसरीला कापसाच्या बोळ्याने पुसावे लागले.

वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आढळले आणि त्यामुळेच तिथे किडीचा उपद्रव कमी झाला असावा, असं संशोधकांनी 2016 मध्ये मांडलं. हे वाचलं तेव्हा मला त्या अनाम गवंड्याचा हेवा वाटला. त्याने काय मिसळलं हे त्याच्या भिंतीने दीड हजार वर्षं सांभाळून ठेवलं. चेक्कोनींनी काय लावलं ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तर ते काढायचं कसं याचा विचार करता आला. ठाऊक नसतं तर काय, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. कारण आपल्या गावोगावच्या देवळांत नेमकं तेच होतं. कुणीतरी काहीतरी लावून जातं आणि कुठेच लिहून ठेवलेलं नसतं.

इथे घरातली एक गोष्ट सांगते. आमच्याकडे मोडी लिपीतल्या कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, होता. वतनाचे दोनचार कागद, काही हिशेब, काही पत्रं. काकांनी त्यातले सर्वांत महत्त्वाचे दोन कागद निवडले आणि झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणले. उरलेले फाटके तुकडे रुमालातच राहिले. पंचवीसेक वर्षांनी तो सगळा ऐवज मी कागदाचं जतन करणाऱ्या एका बाईंच्या टेबलावर ठेवला. लॅमिनेट केलेले दोन कागद त्यांनी उजेडासमोर धरले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. गरम प्लास्टिक वितळून कागदाच्या धाग्यांत शिरलं होतं. आत कोंडलेल्या आम्लाने कागद तांबूस झाला होता. सोडवायला गेलं तर अक्षरं प्लास्टिकबरोबर सुटून येतील, त्या म्हणाल्या. ज्यांची कुणी काळजी घेतली नाही ते तुकडे मात्र त्यांनी वाचवले.

कसे, तेही पाहिलं. आधी एका कोपऱ्यात पाण्याचा सुईच्या टोकाएवढा थेंब टेकवून शाई फुटते का ते पाहिलं. मग गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ शिजवली, गाळली, आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखा जपानी कागद फाटेच्या आकाराचा हातानेच फाडून घेतला. कात्रीने कापला नाही, कारण फाडलेल्या कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जुन्या कागदात मिसळून जातात. जिथे अक्षर उडालं होतं तिथे कागद भरला, अक्षर काढलं नाही. मी विचारलं, "एवढा एक 'श्री' लिहून टाकला तर? तिथे दुसरं काय असणार?" त्या म्हणाल्या, "असेल तोच. पण मी लिहिला की तो माझा झाला. पुढचा वाचणारा फसेल." आणि वहीत तारीख, खळ, कागद, कोणता कोपरा, सगळं टिपून घेतलं. उद्या कुणाला त्यांचं काम चुकीचं वाटलं तर ओलसर टिपकागद ठेवून ते सोडवता यावं, अशी तजवीज त्या टाक्याटाक्यात होती. 1964 च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, लिहिलं आहे की जिथे अंदाज सुरू होतो तिथे डागडुजी थांबली पाहिजे. त्या बाईंनी सनदेचं नाव घेतलं नाही, नुसती ती पाळली.

ही शिस्त परकी आहे असंही कुणी समजू नये. आपल्या लेखनिकांनी चुकलेल्या अक्षरावर हरताळ या पिवळ्या खनिजाची पूड फासली, ती आजही जुन्या पोथ्यांत तशीच दिसते. चूक झाली आहे आणि ती इथे झाली आहे, हे वाचणाऱ्याला दिसत राहतं. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपण वेगळ्याच अर्थाने वापरतो, पण त्यामागे हा प्रामाणिकपणा आहे. आणि पोथीच्या शेवटी तो श्लोक येतो: तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् । मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥ तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असं पोथी स्वतःच सांगते. पोथीला तोंड आहे. देवळाच्या खांबाला नाही, म्हणून त्याच्यावर ऑइलपेंट बसतो.

देवळांकडे आलं की एक आक्षेप हमखास येतो आणि तो हलका नाही. देव ही संग्रहालयातली वस्तू नाही. त्याला स्नान हवं, लेप हवा, शेंदूर हवा. देऊळ जीर्ण झालं तर ते नवं करणं हे पुण्य. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून गावोगावच्या घाटांपर्यंत बांधून काढलं, त्यांना कुणी तज्ज्ञ अडवायला आला होता का? मला वाटतं, अहिल्याबाईंचं नाव इथे घेणं बरोबर आहे, पण निष्कर्ष चुकतो. त्यांनी जिथे देऊळ उरलंच नव्हतं, पडलं होतं, तिथे दगड आणि चुन्याने नवं उभं केलं. उभ्या, धडधाकट देवळाच्या कोरीव खांबांना त्यांनी चकचकीत फरशी चिकटवली नाही. पडलेलं उभारणं आणि उभं असलेलं झाकणं, या दोन्हींना आपण आज 'जीर्णोद्धार' हा एकच शब्द वापरतो आणि तिथेच घोटाळा होतो.

पंढरपुरात 2024 मध्ये मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्श दर्शन बंद ठेवून विठ्ठल-रुक्मिणी मंदिरात जे काम झालं, ते बरंचसं उतरवण्याचं होतं. नंतरच्या काळात बसवलेल्या फरशा, ग्रॅनाइट, रंगाचे थर काढले गेले आणि काळा दगड पुन्हा दिसू लागला. त्याच कामात मंदिराच्या आत जमिनीखाली एक छोटं तळघर आणि त्यात ठेवलेल्या मूर्ती सापडल्या. वारकऱ्यांनी तो दगडी गाभारा पाहून जो आनंद व्यक्त केला, तो पाहता भाविकांना चकचकीतच हवं असतं, हे विश्वस्तांचं लाडकं वाक्य मला खोटं वाटतं. ग्रॅनाइट बसवणाऱ्यांनीही भक्तीनेच बसवला असणार. तेव्हा कुणी 'नको' म्हणणारा असता तर बसवण्याचा खर्च आणि काढण्याचा खर्च, दोन्ही वाचले असते. वणीला सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर 2022 मध्ये काही आठवडे मंदिर बंद ठेवून उतरवला, तेव्हाही लोकांनी खालचं कोरीव रूप डोळे भरून पाहिलं.

कोल्हापूरची गोष्ट अवघड आहे. अंबाबाईच्या मूर्तीची झीज जुनी. 1955 मध्ये वज्रलेप, म्हणजे झीज रोखणारा लेप, झाला होता, 2015 मध्ये पुरातत्त्व खात्याने पुन्हा संवर्धन केलं, आणि त्यानंतर देवीच्या मस्तकावरचा नाग दिसत नाही म्हणून मोठा वाद झाला. नाग हे या देवीच्या मूर्तिलक्षणांपैकी एक आहे, तेव्हा भक्ताचं दुःख खरं. झिजून गेलेलं अंदाजाने घडवायचं नाही, हा संवर्धनाचा नियमही खरा. या पेचात मी कुणा एकाला चूक ठरवणार नाही. चूक क्रमाची होते. अशा मूर्तीला हात लावण्याआधी पुजारी, मूर्तिशास्त्राचे अभ्यासक, भक्त आणि तज्ज्ञ यांनी एका जागी बसावं. आज मूर्तीवर नेमकं काय आहे याची छायाचित्रं आणि मापं सगळ्यांसमोर ठेवावीत. काय घडवलं जाईल आणि काय घडवलं जाणार नाही, हे लेखी ठरवून जाहीर करावं. गाभाऱ्याचं दार बंद करून काम उरकायचं आणि दार उघडल्यावर लोकांनी काय बदललं ते शोधत बसायचं, यातून संशयच वाढतो. संवर्धनतज्ज्ञाला मी अधिकार मागते आहे, तेव्हा त्याच्यावर हे बंधनही मागते. देवासमोर काम करणाऱ्याला भक्ताशी बोलता आलं पाहिजे, आणि मराठीत बोलता आलं पाहिजे.

किल्ल्यांबद्दल थोडंच लिहिते, कारण तिथे प्रश्न सरळ आहे. 11 जुलै 2025 रोजी मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. 11 महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतला जिंजी. आपण फटाके वाजवले, ते वाजवायलाच हवे होते. आता तिथे पैसा येईल आणि पैशाबरोबर सिमेंट येण्याचा धोका आहे. चुन्यात बांधलेल्या भिंतीचे सांधे सिमेंटने भरले की आतली ओल सांध्यांतून बाहेर पडू शकत नाही. ती दगडातून वाट काढते, क्षार दगडाच्या तोंडाशी आणते, आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सांधा शाबूत राहतो, दगड जातो. किल्ल्यांवर चुन्याची घाणी दिसते, दगडी चाक आणि गोल चर. चुना विरवायला, मळायला, मुरायला दिवस लागतात, आणि लावल्यावर तो ओलसर ठेवून सावकाश वाळू द्यावा लागतो. आपली निविदा निघते सर्वांत कमी दराला, दर ठरतात नव्या बांधकामाच्या दरसूचीवरून, आणि निधी संपवायचा असतो मार्चअखेर, रणरणत्या उन्हात. या वेळापत्रकात चुना बसतच नाही. ठेकेदाराला शिव्या देऊन उपयोग नाही. वेळापत्रक कुणी बनवलं ते पाहावं लागेल.

म्हणून माझी मागणी कागदावरची आणि रूक्ष आहे. शंभर वर्षांहून जुन्या कोणत्याही सार्वजनिक वास्तूला वा मूर्तीला सरकारी किंवा देवस्थानाचा पैसा लागायचा असेल, तर अंदाजपत्रक करण्याआधी संवर्धनतज्ज्ञाचा लेखी अहवाल घ्यावा. त्यात 'काहीही करू नका' असं म्हणण्याची मुभा असावी, आणि तसं म्हटल्याबद्दल त्याची फी बुडू नये. झालेल्या कामाची नोंद, वापरलेल्या प्रत्येक मसाल्यासह, त्या जागीच मराठीत वाचायला मिळावी. एवढे तज्ज्ञ आहेत कुठे, असं विचाराल तर प्रश्न रास्त आहे. लखनौला 1976 पासून राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चांगलं संवर्धन केंद्र आहे. तरी महाराष्ट्राच्या विस्ताराला हे पुरणारं नाही. जिल्ह्याजिल्ह्यात रसायनशास्त्र शिकलेली मुलं नोकऱ्या शोधत आहेत आणि चुना मळता येणारे म्हातारे गवंडी हाताला काम नाही म्हणून बसून आहेत. या दोघांची गाठ घालून देणं अशक्य आहे का?

आमच्या गावाचं देऊळ यादवकाळाच्या धर्तीचं, दगडी आणि लहानसं. तीन वर्षांपूर्वी सभामंडप गळायला लागला. विश्वस्तांनी वर्गणी काढली, ग्रॅनाइटचं कोटेशन आलं, खांबांना कोणता रंग द्यायचा यावर दोन बैठका झाल्या. आमच्यातल्या एका शिक्षकाने हट्टाने ओळखीच्या संवर्धनतज्ज्ञाला आणलं. तो तरुण मुलगा दिवसभर देवळात फिरला, बॅटरीने छत पाहिलं, आणि संध्याकाळी पारावर बसून म्हणाला, "आधी एक पावसाळा थांबा. मला पाणी कुठून येतं ते बघू द्या." वर्गणी देणारे चिडले. एवढे पैसे घेऊन हा नुसता बघणार? तरी शिक्षकाच्या शब्दाखातर थांबले.

त्या पावसाळ्यात तो पाच वेळा आला. खडूने दगडांवर नाही, स्वतःच्या वहीतल्या नकाशावर खुणा करत राहिला. अश्विनात त्याने ती वही विश्वस्तांपुढे उघडली. पाणी दगडांतून येतच नव्हतं. चाळीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी मंडपाच्या माथ्यावर सिमेंटचा कोबा घातला होता, तो मधोमध तडकला होता, आणि जुनी दगडी पन्हाळ त्याच कोब्याखाली बुजली होती. पुढच्या हिवाळ्यात दोन गवंड्यांनी सतरा दिवस छिन्नीने कोबा उतरवला आणि चुन्याचा नवा थर दिला. पन्हाळ मोकळी झाली. तिचं तोंड मगरीचं आहे, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं.